एकट्याचा डाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती चुकीची नव्हती. गेली तीस वर्षे मी दुसरे काही केलेलेच नाही. परंतु मी विषय कळविला तो पत्त्यांच्या खेळाचा, आणि त्यातही एकट्याने खेळावयाच्या खेळाचा. तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ जरा चाचरत मला म्हणाले, "ही थट्टा तर नव्हे ना?" ही थट्टा नव्हे. माझे शाळेतले शिक्षण दहावीला थांबले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि एस्.टी.च्या स्थानकांवर गाडीची वाट पाहताना. ज्या प्रश्नाने मला फार वर्षे छळले त्याचे उत्तर मला या खेळाच्या इतिहासात सापडले. म्हणून तो आज तुमच्यापुढे मांडतो.

आपल्याकडे या खेळाला ‘पेशन्स’ म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सबुरी किंवा धीर. अमेरिकेत याच जातीच्या खेळांना ‘सॉलिटेअर’, म्हणजे एकट्याचा खेळ, असे नाव आहे. मी तो शिकलो काठीला.

काठी हे गाव आपल्यापैकी पुष्कळांनी होळीच्या निमित्ताने ऐकले असेल. अक्कलकुव्याहून घाट चढून मोलगीला जावे आणि तेथून पुढे काठी. पूर्वीच्या मेहवासी संस्थानांपैकी हे एक. तिथली राजवाडी होळी पाहण्यासाठी सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसे लोटतात. २००९ साली, होळीला दहाबारा दिवस असताना, मी तिथे जाऊन राहिलो होतो. काम दोन प्रकारचे होते. वनहक्क कायद्याखालचे दावे भरून घ्यायचे होते, आणि गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या जोडप्यांच्या हिशेबांची टिपणे करायची होती. अडचण एवढीच की, ज्यांच्यासाठी मी गेलो होतो ती माणसे गावात नव्हती. ती बारडोलीकडच्या फडांत कोयता चालवीत होती. होळीला मात्र ती येणार, हे नक्की. तोपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

वाट पाहणे मला जमत नाही. मोर्चा काढणे, पत्रक लिहिणे, साहेबाच्या दारात ठाण मांडणे जमते. नुसते बसणे जमत नाही. मी ज्या घरी उतरलो होतो ते एका निवृत्त शिक्षकाचे घर. त्यांना सारे गाव गुरुजी म्हणे. दोन दिवस माझी चुळबूळ पाहून तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी कोनाड्यातून एक जुना, कडा झिजलेला पत्त्यांचा कॅट काढला आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही दारात उभे राहिलात म्हणून माणसं लवकर येणार आहेत का? या, बसा." आणि त्यांनी चटईवर डाव मांडला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगतो. बावन्न पत्ते नीट पिसावेत. मग डावीकडून उजवीकडे सात ढीग लावावेत : पहिल्यात एक पत्ता, दुसऱ्यात दोन, असे सातव्यात सात. प्रत्येक ढिगाचा वरचा पत्ता तेवढा उघडा, बाकीचे पालथे. हे झाले अठ्ठावीस. उरलेले चोवीस हातात राहतात. ते तीन-तीन करून उलटायचे आणि वर दिसेल तो पत्ता लागू पडत असेल तर लावायचा. ढिगांवर उतरत्या क्रमाने आणि रंग बदलून पत्ता बसतो. इस्पिकच्या दश्शीवर बदामची किंवा चौकटची नव्वी चालते, किलवरची चालत नाही. ढीग रिकामा झाला तर त्या जागी फक्त राजा येतो. एक्का उघडा पडला की तो वर काढून ठेवायचा आणि त्याच्यावर त्याच रंगाची दुर्री, तिर्री, असे राजापर्यंत चढत जायचे. घरोघरी मुले ‘बदाम सात’ खेळतात, त्यात सत्तीपासून दोन्हीकडे पाने लावतात. इथे एक्क्यापासून वर लावायची. चारही रंग राजापर्यंत पोचले की डाव लागला. नाही पोचले तर पत्ते गोळा करून पुन्हा पिसावे.

नियम पाच मिनिटांत कळतात. खेळ कळायला मात्र वेळ लागतो. मी पहिल्या दिवशी दिसेल तो पत्ता उचलून दिसेल तिथे लावीत होतो. गुरुजी हसत. "घाई नको. आधी ज्या ढिगाखाली जास्त पत्ते दडलेत तो मोकळा करा." मी एखादी चौकटची पंजी वर लावून टाकली तर ते म्हणत, "आता काळी चौकी आली तर ती कशावर ठेवाल?" राजा हाताशी नसताना मी ढीग रिकामा केला तर म्हणत, "जागा मोकळी केलीत खरी, पण बसणार कोण?" चारपाच दिवसांनी माझा पहिला डाव लागला. शेवटचे पत्ते भराभर वर जाऊ लागले तेव्हा जो आनंद झाला तो मी लपवीत नाही. मध्यरात्र उलटून गेली होती, आणि माणसांची वाट पाहत असल्याचे मी तीन तास विसरलो होतो.

आता या खेळाच्या कुळाकडे वळू. पत्ते आपल्या देशाला नवीन नाहीत. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हुसेन याला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने ‘आईने-अकबरी’त अकबराच्या दरबारातील गंजिफ्याचे वर्णन केले आहे. मोगली गंजिफ्यात आठ रंग आणि शहाण्णव पाने असत. आपल्याकडे विष्णूच्या दहा अवतारांवरून दहा रंगांची, एकशेवीस पानांची दशावतारी गंजिफा झाली. ही पाने गोल. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी ती लाखेच्या रंगात हाताने रंगविली. हा धंदा मोडकळीस आला असता सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पुन्हा उभा केला, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवले पाहिजे. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. गंजिफा तिघांनी बसून खेळायची. ती बैठकीची वस्तू. तिला सोबती हवेत. आपली मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन हीही सारी सोबतीचीच. माणूस एकटाच पत्ते मांडून बसला आहे हे चित्र आपल्याकडे आले ते इंग्रजी पत्त्यांबरोबर. त्याच्या नावावरूनच ते ओळखू येते.

युरोपातही हा खेळ फार जुना नाही. पत्ते तिकडे चौदाव्या शतकात पोचले. पण एकट्याच्या डावाचे लेखी वर्णन आढळते ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७८० नंतरच्या दशकात, एका जर्मन खेळांच्या पुस्तकात. निव्वळ या डावांचा संग्रह १८२६ साली मॉस्कोत छापला गेला. इंग्लंडात १८७० च्या सुमारास लेडी ॲडलेड कॅडोगन या बाईंनी आकृत्यांसह पुस्तक काढले, आणि मग घरोघर हे डाव मांडले जाऊ लागले. डेन्मार्क-नॉर्वेकडे या खेळाला ‘कबाल’ म्हणतात. त्या शब्दात गूढविद्येची छटा आहे. फ्रेंचांत त्याचे एक नाव ‘यश लाभणे’ या अर्थाचे आहे. यावरून अभ्यासक असा तर्क करतात की, आरंभी लोक भविष्य पाहण्यासाठी पाने मांडीत असावेत : डाव लागला तर मनातले काम होईल, न लागला तर नाही. पुढे भविष्य मागे पडले आणि खेळ उरला.

या खेळाबरोबर एक दंतकथा चिकटलेली आहे. नेपोलियन सेंट हेलेना बेटावर १८१५ ते १८२१ कैदेत होता, तेव्हा तो पेशन्स लावीत बसे, असे म्हणतात. दोन कॅटांच्या एका अवघड डावाला त्या बेटाचेच नाव आहे. इतिहाससंशोधकांना याला आधार सापडलेला नाही. नेपोलियन तिथे पत्ते खेळे, पण ते सोबत्यांबरोबर. असे असूनही दंतकथा टिकून राहिली, आणि मला वाटते तिच्या टिकण्याला कारण आहे. ज्याच्या हुकमाने सैन्ये चालली तो माणूस एका खडकावर बसून बावन्न पत्त्यांना हुकूम देत आहे, हे लोकांना पटले. कैदी, आजारी, म्हातारा, वाट पाहणारा : ज्याच्या हाती वेळ आहे पण काम नाही, अशा माणसाचा हा खेळ होय, असे लोकांनी ठरविले.

इथे मला माझ्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणत असू, खानदेशातल्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. गिरणी बंद पडली. टाळे आज निघेल, उद्या निघेल, असे सांगितले जाई. देणी द्यायचेही वचन होते. महिने गेले, वर्ष गेले. आबा सकाळी नेहमीप्रमाणे भोंग्याच्या वेळेला उठत, आंघोळ करीत, आणि खाटेवर पत्ते मांडीत. बंद पडलेल्या गिरणीतल्याच कोणा कारकुनाकडून ते हा डाव शिकले होते. आई चार घरची धुणीभांडी करी. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. मला त्यांचे ते पत्ते पाहून अंगाची आग होई. एके दुपारी शाळेच्या फीवरून बोलणे झाले आणि मी त्यांचा मांडलेला डाव हाताने उधळून दिला. मला वाटले ते मारतील. ते खाली वाकले, एकेक पान गोळा केले आणि एवढेच म्हणाले, "हा लागत आला होता रे."

माझा प्रश्न हाच होता. आबा हरले होते का? आळशी झाले होते का? मी संघटनेच्या कामाला लागलो त्यात त्या खाटेवरच्या पत्त्यांविषयीच्या रागाचा वाटा मोठा होता. आमच्या जुन्या पुढाऱ्यांनाही पत्त्यांचा तिटकारा असे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी तीन पत्तीचे अड्डे बसत आणि घरी पोचायच्या आत पाकीट रिकामे होई; तेव्हा तो तिटकारा योग्यच होता. पण आबांच्या डावात पैसा नव्हता. समोर कोणी लुबाडणाराही नव्हता.

काठीला पत्ते हातात घेतल्यावर मला ती दुपार आठवली. मग मी या खेळाविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचताना कळले की, रिकाम्या हाताने मांडलेला हा डाव नेहमीच वाया गेलेला नाही. स्टानिस्लाव उलाम नावाचे पोलंडचे गणिती अमेरिकेत अणुबॉम्बच्या कामावर होते. १९४६ साली मेंदूच्या दुखण्यातून उठत असताना डॉक्टरांनी त्यांना डोके शिणविण्यास मनाई केली. म्हणून ते पेशन्स लावीत बसले. लावता लावता त्यांना प्रश्न पडला : मांडलेला डाव लागण्याचा संभव किती? सूत्राने उत्तर काढणे अशक्यप्राय होते. कारण बावन्न पत्ते जितक्या प्रकारे लागू शकतात ती संख्या अडुसष्ट आकडी आहे. तेव्हा त्यांना सुचले की, शंभर डाव प्रत्यक्ष मांडावे आणि किती लागले ते मोजावे. हीच युक्ती अणूतील कणांच्या हिशेबाला लावता येईल, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी ती जॉन फॉन नॉयमन यांना सांगितली, आणि तिचे ‘माँटे कार्लो’ नावाचे शास्त्र झाले. आज अनेक शास्त्रांत ते वापरले जाते. त्याचा आरंभ एका आजाऱ्याच्या पत्त्यांतून झाला. मी वर सांगितलेल्या डावाचाही हिशेब आता संगणकाने लावला आहे. पालथे पत्ते कोणते हे आधी ठाऊक असेल तर शंभरांतले सुमारे ब्याऐंशी डाव लागण्याजोगे असतात. आपल्याला ते ठाऊक नसतात, म्हणून आपले त्याहून पुष्कळ कमी लागतात. म्हणजे हरलेल्या कित्येक डावांत वाट होती. ती आपल्याला दिसली नाही, इतकेच. संपाच्या वाटाघाटींत बसलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

या खेळाचा पुढचा अध्याय आमच्या धंद्याशी अगदीच जवळचा आहे. १९९० साली ‘विंडोज ३.०’ ही संगणकाची प्रणाली बाजारात आली, तिच्यात हा डाव घातलेला होता. लोकांनी खेळता खेळता माउस हाताळायला शिकावे, हा एक हेतू सांगतात. तो लिहिला वेस चेरी नावाच्या एका उमेदवार तरुणाने. तो खेळ पुढे जगभर कोट्यवधी यंत्रांवर गेला. चेरी यांनीच सांगितले आहे की, त्याबद्दल त्यांना मानधनाचा एक छदामही मिळाला नाही. त्यांनी त्यात आणखी एक गंमत घातली होती. साहेब आला की एक कळ दाबायची, म्हणजे पडद्यावर हिशेबाचा तक्ता दिसू लागे. कंपनीने ती तेवढी काढायला लावली. २००६ साली न्यूयॉर्कचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग शहराच्या एका कचेरीत गेले, एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर हा डाव मांडलेला दिसला, आणि त्या माणसाची नोकरी गेली. दोन पत्ते लावण्याची किंमत नोकरी असावी का, याचा निवाडा तुम्हीच करा. कामाच्या वेळी काम झालेच पाहिजे, या मताचा मी आहे. पण ज्याचा सगळा दिवस मालकाचा आहे त्याला चोरूनच खेळावे लागते, हेही मी पाहिले आहे.

म्हणून फुरसतीचा इतिहास आठवावा लागतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. त्या काळी गिरण्यांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. सहा वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली. त्यापूर्वी कामगाराकडे मोकळा वेळ नव्हताच असे नाही. साचा बंद असला, माल नसला, की त्याला बिनपगारी घरी बसवीत. म्हणजे वेळ होता. पण तो त्याचा नव्हता. लोखंड्यांनी मिळवून दिली ती फुरसत; मालकाने लादली होती ती बेकारी. घड्याळात दोहोंचे तास सारखेच. एकीत माणूस विसावतो, दुसरीत कुजतो. ज्या वर्षाने न्यायमूर्ती रानड्यांची पुण्याची वसंत व्याख्यानमाला पाहिली ते १८७५. संध्याकाळ मोकळी असलेल्या सुशिक्षितांसाठी ती ज्ञानाची सोय होती. गिरणीतल्या माणसाला पंधरा वर्षांनी रविवार मिळाला. आज आपण या मंडपात निवांत बसलो आहोत, त्यामागे त्या माणसांचा झगडाही आहे.

आबांच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. त्यांच्यावर बेकारी लादली होती. रोज सकाळी पत्ते मांडून ते तिच्यातून तासदीड तासाची फुरसत स्वतःसाठी काढून घेत होते. गिरणीने दिलेला शब्द मोडला होता. पत्त्यांचा नियम मात्र रोज तोच होता, आणि तो ते स्वतःही मोडीत नसत. समोर कोणी नसताना एखादा पालथा पत्ता हळूच पाहून घेणे किती सोपे! मी त्यांना तसे करताना कधी पाहिले नाही. हे मला पंधराव्या वर्षी दिसले नाही. दिसले तेव्हा त्यांना सांगायला ते राहिले नव्हते.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. या खेळाचे हे सारे भूषण पैसा आला की नाहीसे होते. अमेरिकेत रिचर्ड कॅनफील्ड नावाच्या जुगारखान्याच्या मालकाने गेल्या शतकाच्या आरंभाआधीच हे ओळखले होते. तो पन्नास डॉलरला कॅट विकी आणि वर लागलेल्या दर पानामागे पाच डॉलर परत देई. गिऱ्हाइकाला वाटे आपण एकटेच खेळत आहोत, पण समोर धनी बसलेलाच असे. अलीकडे तो धनी मोबाइलमध्ये शिरला. मुकादमाकडून उचल घेऊन आलेल्या पोराने फडावर जाण्यापूर्वीच ती मोबाइलच्या रमीत घालविली, आणि मग सबंध हंगाम नवराबायकोने फुकट कोयता चालविला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कायदा हवाच होता. पण झिजलेल्या कॅटावर धीर शिकलेले पोर मोबाइलला सहजी बळी पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

काठीची माणसे होळीच्या आदल्या दिवशी आली. कोणी टेम्पोतून, कोणी पायी. रात्रभर ढोल वाजले. व्रत घेतलेले बुध्ये कमरेला भोपळे आणि घुंगरे बांधून नाचले. उंच बांबू उभा राहिला आणि पहाटे होळी पेटली. तिथे एकट्याचे काहीच नव्हते. नाच रांगेचा आणि फेऱ्याचा. मी गुरुजींना म्हणालो, "तुमचा डाव आज कोनाड्यातच." ते म्हणाले, "माणसं आल्यावर पत्ते कशाला? ते वाट पाहण्यासाठी."

दुसऱ्या दिवशी मी हिशेबांना बसलो. बेचाळीस जोडप्यांची टिपणे झाली, तीन जणांची खोट्या उचलीची भानगड उघडकीस आली आणि पुढे ती लढविलीही. निघताना गुरुजींनी तो झिजलेला कॅट माझ्या पिशवीत घातला. त्यात किलवरची सत्ती नाही; तिच्या जागी पोस्टकार्डाचा कापलेला तुकडा आहे, त्यावर शाईने सात ठिपके काढलेले आहेत. कामगार न्यायालयाच्या बाहेर तारखेची वाट पाहत मी अजून त्याच कॅटाने डाव मांडतो. बरेचसे लागत नाहीत.